लॉगिनची लिंक आणि अंकाचे पत्र एकाच वाटेने पाठवावे का?

एका संपादिकेचे पत्र, थोडक्यात:

आमचे छोटे मराठी साहित्यविषयक प्रकाशन आहे. पूर्वी आम्ही वर्षाला फक्त एक छापील दिवाळी अंक काढत होतो. गेल्या वर्षापासून भाड्याच्या सर्व्हरवर ‘घोस्ट’ ही संकेतस्थळ आणि न्यूजलेटर चालवणारी प्रणाली बसवून स्वतःचे संकेतस्थळ सुरू केले आहे. वाचकाने नाव नोंदवले की त्याला मेलवर लॉगिनची लिंक जायला हवी, ती जातच नाही. न्यूजलेटर मात्र जाते, पण पुष्कळांच्या स्पॅममध्ये जाऊन पडते. परवा नव्या लॅपटॉपवरून संपादकाच्या पानावर शिरू लागले, तर पडताळणीचा आकडा मेलवर पाठवला आहे असे सांगण्यात आले. तोही आला नाही आणि मी माझ्याच संकेतस्थळाच्या दाराबाहेर उभी राहिले. ओळखीतल्या एका मुलाने सुचवले की सगळेच मेल जीमेलच्या एका खात्यावरून, पत्ते ‘बीसीसी’त टाकून पाठवावेत; खर्चच नाही. आमच्या ज्येष्ठ संपादकांकडे वर्गणीच्या पावत्या, संमेलनातल्या स्टॉलवरची वही आणि कथास्पर्धेचे अर्ज यांतून बारा-तेरा वर्षांत जमलेले सुमारे ६,००० पत्ते आहेत. यंदाच्या अंकाची घोषणा त्या सर्वांना एकदम जावी, असा त्यांचा आग्रह आहे. मला धास्ती वाटते, पण का वाटते ते सरांना पटवून देता येत नाही. आणखी एक विचारायचे आहे. मराठीतले मेल गूगलला उमगत नाहीत म्हणून ते स्पॅममध्ये टाकले जातात, हे खरे का?

संपादिकाबाई,

तुमच्या पत्रातील दोन वाक्यांतच अर्धे निदान आहे. न्यूजलेटर जाते आणि लॉगिनची लिंक जात नाही. मेलची व्यवस्था सरसकट बिघडलेली असती, तर दोन्ही अडकले असते. एक जाते आणि दुसरे जात नाही, याचा अर्थ ती दोन वेगवेगळ्या वाटांनी निघतात आणि त्यांतली एकच बंद आहे. घोस्टमध्ये प्रत्यक्षात तसेच आहे. स्वतःच्या सर्व्हरवर चालवलेल्या घोस्टमधून न्यूजलेटर पाठवायचे तर ‘मेलगन’ या मेल पाठवणाऱ्या सेवेचे खाते लागते, आणि ते पत्र वेब एपीआयमार्फत, म्हणजे आपण संकेतस्थळे पाहतो त्याच मार्गाने, मेलगनकडे सुपूर्त होते. लॉगिनची लिंक, पासवर्ड बदलण्याचे पत्र, पडताळणीचा आकडा, नवा सदस्य आल्याची संपादकांना मिळणारी सूचना हे सारे सिस्टम मेल मात्र एसएमटीपीने, म्हणजे मेल पाठवण्याच्या रूढ पद्धतीने, जातात. त्याची माहिती संकेतस्थळावरील सेटिंगच्या पानावर भरायची नसते. ती सर्व्हरवरच्या कॉन्फिग, म्हणजे प्रणालीची मांडणी लिहिलेल्या, फाइलमधील ‘मेल’ या भागात लिहावी लागते. मेलगनची किल्ली, म्हणजे एपीआय वापरण्यासाठी मिळणारा गुप्त संकेत, सेटिंगच्या पानावर भरली की दोन्ही कामे मार्गी लागली, असा समज तुमचा एकटीचा नाही. घोस्ट स्वतः बसवणाऱ्या पुष्कळांचा तो असतो.

आता तुमची ही दुसरी वाट का बंद असावी? पत्रासोबत तुम्ही पाठवलेल्या स्क्रीनच्या चित्रात कॉन्फिगमधला ‘मेल’चा भाग भरलेला दिसतो आणि पोर्टचा, म्हणजे मेल ज्या क्रमांकाच्या दारातून जातो त्याचा, आकडा ५८७ आहे. आकडा चुकीचा नाही. मात्र स्पॅम पाठवणाऱ्यांनी भाड्याचे सर्व्हर इतके वापरून घेतले, की सर्व्हर देणाऱ्या कंपन्यांनी मेलची दारे आधीपासूनच बंद ठेवायला सुरुवात केली. गूगल क्लाउड २५ क्रमांकाचे पोर्ट बाहेरच्या दिशेने अडवते. डिजिटलओशनच्या सर्व्हरवरून २५, ४६५ आणि ५८७ ही तिन्ही बंद असतात. तुमच्या कंपनीचे नाव तुम्ही कळवलेले नाही, पण लक्षणे या प्रकाराशी जुळतात. अशा वेळी मेलगनचे २५२५ हे पोर्ट उपयोगी पडते. ॲमेझॉनच्या एसईएस या मेल पाठवण्याच्या सेवेत २५८७ हा पर्याय आहे. आकडा बदलताना त्याच्या खालच्या ‘सिक्युअर’ या ओळीकडेही लक्ष द्या. चित्रात तिथे ‘ट्रू’ आहे. ते ४६५ साठी योग्य असते. ५८७, २५२५ किंवा २५८७ वर जोडणी आधी साधी सुरू होते आणि मग सांकेतिक होते, त्यामुळे तिथे ‘फॉल्स’ लिहावे लागते. नाव वाचून तो सुरक्षितता काढून टाकण्याचा पर्याय वाटतो आणि सावध माणूस त्याला हात लावत नाही. त्या नावाने आजवर किती जणांची रात्र खाल्ली असेल कोण जाणे. मेलगनच्या बाबतीत आणखी दोन गोष्टी पाहून घ्या. एसएमटीपीचे वापरकर्तानाव व पासवर्ड वेगळे असतात, तिथे एपीआयची किल्ली चालत नाही. आणि खाते युरोप विभागात उघडलेले असेल तर सर्व्हरचा पत्ताही युरोपचाच द्यावा लागतो. बदल केल्यावर घोस्ट पुन्हा सुरू केल्याशिवाय तो लागू होत नाही.

तोवर एक खबरदारी घ्या. जुन्या लॅपटॉपवरील ब्राउझरमध्ये तुम्ही अजून संकेतस्थळाच्या आत असाल, तर लिंक आणि आकडा नीट येऊ लागेपर्यंत तिथून बाहेर पडू नका. नव्या यंत्राची पडताळणी कॉन्फिगमधून बंद करता येते आणि अडकलेल्या माणसाला ती सुटका वाटते. पण बंद केलेली कडी पुन्हा लावायची राहून जाते, असाच सर्वांचा अनुभव आहे. कॉन्फिग दुरुस्त करायला सर्व्हरवर जावेच लागणार आहे, तर मूळ दोषच दुरुस्त करा.

जीमेल वापरण्याचा त्या ओळखीतल्या मुलाचा सल्ला मात्र स्वीकारू नका. साध्या जीमेल खात्यावरून दिवसाला ५०० आणि गूगल वर्कस्पेसच्या सशुल्क खात्यावरून २,००० जणांपर्यंत मेल जाऊ शकतात. म्हणजे ६,००० पत्ते साध्या खात्यातून गाठायला बारा दिवस लागतील, आणि तेही त्या खात्यातून दुसरे काहीच पाठवले नाही तर. मर्यादा ओलांडली की खात्याचे पाठवणे काही काळ थांबते, आणि त्याच खात्यावरून लॉगिनची लिंकही जात असेल तर अंकाच्या घोषणेच्या दिवशी, म्हणजे सर्वाधिक लोक नाव नोंदवायला येतात नेमक्या त्याच दिवशी, दार बंद होईल. शिवाय ‘बीसीसी’ने पाठवलेल्या पत्राला सदस्यत्व सोडण्याचे बटण नसते, परत आलेल्या पत्त्यांची नोंद आपोआप होत नाही, आणि घाईत एखाद्या दिवशी ‘बीसीसी’ऐवजी ‘सीसी’ पडले की सहा हजार जणांचे पत्ते एकमेकांच्या हाती जातात. खर्च नसतो असे नाही, तो नंतर आणि एकरकमी येतो.

त्या मुलाच्या सल्ल्यामागचे गृहीतक मात्र तुमच्याही पत्रात दिसते, म्हणून त्यावर थोडे थांबतो. मेल म्हणजे मेल, तो कुठूनही जावो, पोहोचल्याशी कारण, असे ते गृहीतक आहे. तुम्ही दिवाळी अंक छापत होतात, तेव्हा लेखकाचा मानधनाचा धनादेश रजिस्टर टपालाने पाठवत असाल आणि अंकांचे गठ्ठे बुक-पोस्टाने. एखादा गठ्ठा उशिरा पोहोचला तर वाचक कुरकुरतो. धनादेश हरवला तर नाते बिघडते. सिस्टम मेल हा एका माणसाने, त्या क्षणी, स्वतः मागितलेला असतो आणि मिनिटभरात आला नाही तर त्याचा उपयोग संपतो. न्यूजलेटर हजारोंना एकदम जाते, काहींना ते नको असते, आणि त्यांतले काही जण ‘स्पॅम’चे बटण दाबणारच. ही नाराजी साहजिक आहे, फक्त तिचा भार लॉगिनच्या लिंकवर पडता कामा नये.

तो कसा पडतो ते जवळून पाहा. समजा, तुमच्या एखाद्या वाचकाने न्यूजलेटर स्पॅम म्हणून नोंदवले. ते ज्या डोमेनवरून, म्हणजे संकेतस्थळाच्या ज्या नावावरून, गेले त्यापुरता मेलगन त्याचा पत्ता तक्रारींच्या यादीत टाकते आणि यापुढे त्या डोमेनवरून त्याला काहीच पाठवत नाही. सहा महिन्यांनी तोच वाचक एक कथा वाचायला संकेतस्थळावर येतो, लॉगिनसाठी पत्ता देतो, आणि ‘मेल तपासा’ असे वाचून वाट पाहत बसतो. तुमच्याकडे कुठलीही चूक दिसत नाही, घोस्टही मेल पाठवल्याचे सांगते. तो मेल मेलगनच्या दारातच थांबवलेला असतो. पत्ता एकदा कायमचा परत आला किंवा सदस्यत्व सोडल्याची नोंद झाली, तरीही अशाच याद्या तयार होतात. या याद्या खात्यावर नसून डोमेनवर असतात, आणि उपायही तिथेच आहे. न्यूजलेटरसाठी एक उपडोमेन आणि सिस्टम मेलसाठी दुसरे, अशी विभागणी करा. उदाहरणार्थ, मुख्य नावाच्या आधी ‘अंक’ लावून एक आणि ‘खाते’ लावून दुसरे. दोन्हींचे पाठवणारे नाव तुमच्या मुख्य डोमेनचेच ठेवता येते. तुमच्या योजनेत मेलगन एकच डोमेन देत असेल, तर ते न्यूजलेटरला द्या, कारण तिथे घोस्ट मेलगनशिवाय दुसरी सेवा वापरू देत नाही. सिस्टम मेलसाठी कोणतीही विश्वासार्ह एसएमटीपी सेवा चालते. ॲमेझॉन एसईएसचा दर हजार मेलला १० अमेरिकन सेंट आहे आणि तिचे केंद्र मुंबईतही आहे. मात्र नवे एसईएस खाते आधी चाचणीच्या कुंपणात असते. तिथे दिवसाला २०० मेल आणि तेही आधी पडताळलेल्या पत्त्यांनाच जातात, तेव्हा कुंपण काढण्याचा अर्ज वेळेत करावा. उपडोमेन वेगळी केली म्हणून मुख्य नावाची प्रतिष्ठा पूर्णपणे अलग होते असे नाही. पण एकाचा ताप दुसऱ्याला चढायला पुष्कळ वेळ लागतो.

आता स्पॅमविषयी. मराठीमुळे मेल स्पॅममध्ये जातो, हे मला पटत नाही. देवनागरीतले मेल जीमेल रोज पोहोचवते. बँका, वर्तमानपत्रे, सरकारी खाती ते पाठवतात. हा समज मनाला सोयीचा आहे, कारण त्यात आपल्या हाती काही उरत नाही. पाठवणारा खरोखर तोच आहे का, आणि ज्यांना पाठवले त्यांना ते हवे होते का, हे दोन प्रश्न जीमेल भाषेच्या बरेच आधी विचारते.

पहिल्याचे उत्तर डोमेनच्या डीएनएस नोंदींत, म्हणजे त्या नावाच्या इंटरनेटवरील जाहीर माहितीत, असते. एसपीएफच्या नोंदीत आपल्या नावाने कोणते सर्व्हर मेल पाठवू शकतात ते जाहीर केलेले असते. डीकेआयएम प्रत्येक मेलवर सही करते, आणि डीमार्क या दोन्हींचा पाठवणाऱ्याच्या दिसणाऱ्या नावाशी मेळ बसतो का ते पाहून, बसला नाही तर काय करावे ते सांगते. गूगल आणि याहू यांनी ऑक्टोबर २०२३ मध्ये जाहीर करून फेब्रुवारी २०२४ पासून या गोष्टी सक्तीच्या केल्या. मायक्रोसॉफ्टने आउटलुकच्या पत्त्यांसाठी मे २०२५ पासून तसेच केले. दिवसाला ५,००० हून अधिक मेल पाठवणाऱ्यांना तिन्ही लागतात, आणि त्याहून कमी पाठवणाऱ्यांनाही जीमेलसाठी एसपीएफ किंवा डीकेआयएम यांतले एक लागतेच. ‘आपण कुठे पाच हजार पाठवतो’ हा दिलासा तुम्हाला फार पुरणार नाही. गूगल हा आकडा मुख्य डोमेनवर, सगळी उपडोमेन धरून मोजते, आणि एकदा तो ओलांडला की तुमची गणना कायमची मोठ्या पाठवणाऱ्यांत होते. सरांची यादी एकदाच पाठवली आणि तिच्यातले बहुतेक पत्ते जीमेलचे निघाले, तर उंबरठा त्याच दिवशी ओलांडला जाईल.

नोंदी करताना लोक कुठे अडखळतात ते ठाऊक असलेले बरे. एका डोमेनला एसपीएफची एकच नोंद चालते. तुमचे संपादकीय मेल गूगल वर्कस्पेसवर असतील तर मुख्य डोमेनवर गूगलची नोंद आधीच असणार. तिथेच मेलगनची वेगळी दुसरी नोंद जोडली, तर दोन्ही निकामी होतात. उपडोमेन घेतल्याने हा प्रश्नच उद्भवत नाही. त्याच वेळी मेलगन सुचवते त्या एमएक्स नोंदी, म्हणजे येणारे मेल कुठे पोहोचवायचे ते सांगणाऱ्या नोंदी, चुकून मुख्य डोमेनवर घालू नका, नाहीतर वाचकांची पत्रे तुमच्या पेटीत येणे बंद होईल. डोमेन विकणाऱ्या बहुतेक कंपन्यांच्या पानावर नाव लिहिताना डोमेन आपोआप जोडले जाते. तिथे तुम्ही पूर्ण नाव लिहिले की डोमेन दोनदा येते, नोंद दिसते पण सापडत नाही. डीमार्कची सुरुवात ‘नन’ या सौम्य धोरणाने करा आणि अहवाल येण्यासाठी एक पत्ता द्या. काही आठवडे अहवाल पाहून, आपल्या नावाने मेल पाठवणाऱ्या साऱ्या सेवा ओळखीच्या आहेत अशी खात्री झाली, की मेळ न बसणारे मेल स्पॅममध्ये टाकायला सांगणाऱ्या ‘क्वारंटाइन’कडे वळा. हे जमले का ते पाहायला जाणकार लागत नाही. स्वतःच्या जीमेलवर एक न्यूजलेटर आणि एक लॉगिनची लिंक मागवा, संगणकावर मेल उघडून उजवीकडच्या तीन ठिपक्यांतून मूळ संदेश दाखवण्याचा पर्याय निवडा; वरच्या चौकटीत एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क या तिन्हींपुढे ‘पास’ दिसले पाहिजे. दोन्ही मेलांसाठी वेगवेगळे पाहा, कारण वाटा वेगळ्या आहेत.

दुसरा प्रश्न, म्हणजे लोकांना ते हवे होते का, हा सरांच्या यादीचा प्रश्न आहे. तुमची धास्ती रास्त आहे, आणि सरांना पटवायला भावनेपेक्षा आकडेच बरे. गूगल सांगते की स्पॅमच्या तक्रारींचे प्रमाण ०.१ टक्क्याखाली ठेवा आणि ०.३ टक्क्यापर्यंत कधीही जाऊ देऊ नका. म्हणजे हजार जणांत तिघांनी बटण दाबले की मर्यादा गाठली. सहा हजारांत फक्त अठरा जण. दहा वर्षांपूर्वी संमेलनाच्या स्टॉलवर वहीत पत्ता लिहून गेलेल्या, आणि त्यानंतर तुमच्याकडून एकही पत्र न आलेल्या माणसांत असे अठरा जण निघणार नाहीत, अशी पैज सर लावतील का? दुसरा आकडा परत येणाऱ्या मेलांचा. एसईएसच्या नियमांनुसार परत येणाऱ्यांचे प्रमाण ५ टक्क्यांवर गेले की खाते तपासणीखाली येते आणि १० टक्क्यांवर पाठवणे थांबवले जाऊ शकते. बाकीच्या सेवाही असेच काहीतरी मोजतात. सहा हजारांचे पाच टक्के म्हणजे तीनशे. त्या वहीत रेडिफमेलचे आणि याहूचे किती पत्ते आहेत ते मोजून पाहा. त्यांतले किती लोक आज ती पेटी उघडत असतील? जीमेलचे पत्तेही टिकाऊ मानू नका, कारण दोन वर्षे वापर न झालेली वैयक्तिक खाती पुसून टाकण्याचे काम गूगलने डिसेंबर २०२३ पासून सुरू केले आहे. हाताने लिहिलेल्या वहीतला इंग्रजी ‘एल’ आणि ‘एक’चा आकडा ओळखताना झालेल्या चुका वेगळ्याच.

मात्र सरांचे म्हणणे मी उडवून लावणार नाही. त्यांच्यासाठी ती यादी म्हणजे पत्ते नाहीत, माणसे आहेत. पावती फाडताना ज्यांच्याशी दोन शब्द झाले ती. त्यांचा आग्रह संख्येसाठी नसून जुना वाचक सुटू नये यासाठी असावा, असे तुमच्या पत्रावरून वाटते. तो हेतू राखता येतो, फक्त सगळ्यांना एकच वागणूक देता येत नाही. यादीचे तिच्या उगमाप्रमाणे भाग करा. ज्यांनी गेल्या दोन वर्षांत वर्गणी भरली, त्यांचा तुमच्याशी व्यवहार चालू आहे आणि अंकाची घोषणा त्यांना अनपेक्षित वाटणार नाही. त्यांच्यापासून, तेही शे-दोनशेच्या टप्प्यांनी, सुरुवात करा. परत आलेले मेल आणि तक्रारी पाहूनच पुढचा टप्पा सोडा. नव्या उपडोमेनला मोठी संख्या एकदम पाठवण्याची सवय नसते आणि जीमेल अशा नवख्यांकडे संशयाने पाहते, त्यामुळे हा संथपणा तसाही आवश्यक आहे. जुन्या वर्गणीदारांना सरांनी स्वतःच्या संपादकीय पत्त्यावरून, रोज थोड्या जणांना, नावाने हाक मारून पत्र लिहावे: अंक आता संकेतस्थळावरही येतो, हवा असल्यास या लिंकवरून नाव नोंदवा, नको असल्यास काहीच करू नका. घोस्टमध्ये नाव नोंदवणाऱ्याला लिंकवर टिचकी मारावीच लागते, त्यामुळे पत्ता खरा आहे आणि संमती त्याचीच आहे हे आपोआप सिद्ध होते. आयात केलेल्या यादीत ही चाळणी लागत नाही. स्पर्धकांचे पत्ते मात्र वगळा. त्यांनी कथेचा निकाल कळावा म्हणून पत्ता दिला होता, वाचक होण्यासाठी नव्हे. भारताच्या २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याचा रोखही हाच आहे: संमती ठरावीक कामापुरती असते, आणि ती मागे घेणे देण्याइतकेच सोपे असायला हवे. स्टॉलवरच्या वहीसाठी माझे मत कठोर आहे. ती मेलच्या यादीत घेऊच नका. पुढच्या संमेलनात त्याच टेबलावर नाव नोंदणीच्या पानाचा क्यूआर कोड लावा, आणि छापील अंकात आवरणाच्या आतल्या पानावरही. ज्याला यायचे तो स्वतः येईल, आणि त्याचा पत्ता तुम्हाला वाचून ओळखावा लागणार नाही.

सदस्यत्व सोडण्याबद्दल संपादकांना नेहमी संकोच वाटतो, जणू दार दाखवल्यावर लोक निघूनच जातील. मोठ्या संख्येने पाठवणाऱ्यांना एका टिचकीत सदस्यत्व सोडण्याची सोय देणे आणि दोन दिवसांत त्यावर अंमल करणे गूगल-याहूच्या नियमांनी बंधनकारकच आहे. घोस्टच्या अलीकडच्या आवृत्त्या ती सोय मेलच्या हेडरमध्ये, म्हणजे मेलसोबत जाणाऱ्या तांत्रिक माहितीत, स्वतः जोडतात. तुमची आवृत्ती जुनी असेल तर अद्ययावत करून घ्या. ज्याला बाहेर पडायचे दार सापडत नाही तो ‘स्पॅम’ दाबतो, आणि त्याने सोडून जाण्यापेक्षा ते तुम्हाला कितीतरी महाग पडते.

मराठीचा मेलशी संबंध एका ठिकाणी मात्र खरोखर येतो, आणि त्याबद्दल फारसे कोणी सांगत नाही. जीमेल १०२ किलोबाइटपेक्षा मोठा मेल मध्येच कापते आणि उरलेला भाग पाहण्यासाठी एक लिंक दाखवते. इंग्रजी अक्षर संगणकात एक बाइट घेते. देवनागरीतले प्रत्येक अक्षरचिन्ह, म्हणजे ‘क’ वेगळा, त्याचा काना वेगळा, अनुस्वार वेगळा, तीन-तीन बाइट घेते. अडीच हजार शब्दांची मराठी कथा नुसती मजकूर म्हणूनच ५० किलोबाइटच्या आसपास जाते, त्यावर घोस्टच्या रचनेचा आणि शैलीचा भार असतो. अडीच हजारांची एक कथा कदाचित बसेल, पण दिवाळी अंकातली दीर्घकथा मेलमध्ये पूर्ण टाकली तर ती कापली जाणार हे धरून चाला. आणि कापला जाणारा भाग शेवटचा असतो, म्हणजे सदस्यत्व सोडण्याची तळातली लिंकही त्यातच जाते. म्हणून पूर्ण कथा मेलमध्ये पाठवण्याऐवजी फक्त मेलसाठी एक छोटे पत्र लिहा, प्रत्येक साहित्यकृतीचा परिच्छेदभर परिचय द्या आणि ‘पुढे वाचा’ने संकेतस्थळावर न्या. संपादकाच्या हातचे पत्र वाचायला लोकांना आवडते, हा त्यातला जादा लाभ.

मेल किती जणांनी उघडला या आकड्यावर फार विसंबू नका. ॲपलने २०२१ मध्ये आयफोनवरील मेलमध्ये गोपनीयतेची सोय आणली, तेव्हापासून मेल वाचकाने उघडला नसला तरी उघडल्यासारखा मोजला जाऊ शकतो. लिंकवर किती टिचक्या पडल्या आणि उत्तरे किती आली ते पाहा. उत्तरांवरून आठवले: न्यूजलेटरचा उत्तराचा पत्ता ‘नो-रिप्लाय’ ठेवू नका. मराठी वाचक अजूनही संपादकांना पत्र लिहितो, त्याला ते लिहायला जागा हवी. ‘नो-रिप्लाय’ हवेच असेल तर ते लॉगिनच्या लिंकेपुरते ठेवा.

क्रम विचाराल तर आधी सिस्टम मेल, मग डीएनएसच्या नोंदी, मग चालू वर्गणीदार, आणि जुन्या वाचकांची पत्रे सरांच्या सवडीने. दिवाळीच्या आधी निदान दीड महिना हाती ठेवा, कारण टप्प्याटप्प्याने पाठवण्याचा वेळ पैसे देऊन विकत मिळत नाही.

आणि एक तातडीचे. कॉन्फिगच्या ज्या चित्राचा उल्लेख वर केला, त्यात तुमचा एसएमटीपीचा पासवर्ड आणि मेलगनची किल्ली स्पष्ट वाचता येते. आम्ही ते चित्र आमच्या पेटीतून काढून टाकले आहे, पण तुम्ही ते त्या मुलालाही पाठवले असणार. इतर काहीही करण्याआधी, आजच, दोन्ही बदला. किल्ली बदलल्यावर नवी किल्ली घोस्टच्या सेटिंगमध्ये आणि नवा पासवर्ड कॉन्फिगमध्ये भरायला विसरू नका, नाहीतर आता जाते आहे ते न्यूजलेटरही थांबेल.